डब्याबाहेरची पुंगळी

शूटिंग क्लबच्या मागच्या अंगाला पत्र्याची एक शेड होती आणि त्या शेडमध्ये बत्तीस वर्षं एकच माणूस काडतुसं भरत आला होता. त्याला सगळे मापमामा म्हणत. खरं तर तो मामा एकाच मुलीचा, धाकट्या बहिणीच्या लेकीचा. पण तिनं क्लबात पाऊल टाकलं आणि तिच्या तोंडचा शब्द सगळ्यांनी उचलला. 'माप' तर त्याला आधीपासूनच चिकटलं होतं, कारण कधीही जा, तो आपला तराजूवर वाकलेला.

काम सांगायला सोपं. उडालेल्या काडतुसाची पितळी पुंगळी पुसायची, बुडाला ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, पोटात मोजून दारू घालायची आणि तोंडावर गोळी दाबायची. नव्या नेमबाजांना तो हे सगळं दाखवी आणि मग थोडं थांबे.

"दारू जास्त झाली तर बंदूक फुटते, हे कुणालाही कळतं," तो म्हणे. "पण घालायचीच राहिली तर? नुसती टोपी उडते. फुस्स. तेवढ्या जोरावर गोळी नळीत शिरते आणि मध्येच बसते, दारात अडून बसलेल्या पाहुण्यासारखी. तुम्हाला वाटतं, नेम चुकला. तुम्ही दुसरी झाडता. ती पहिलीवर जाऊन आदळते."

"मग?"

"मग जेवायला डावा हात वापरायचा."

तो स्वतः त्या वाटेला कधी गेला नव्हता, आणि याचा त्याला अभिमान होता. त्याची एक रीत होती. पन्नास भोकांच्या लाकडी ठोकळ्यात पन्नास पुंगळ्या उभ्या करायच्या, भरायच्या, आणि मग बॅटरीचा उजेड टाकून एकेकीच्या पोटात बघायचं. एखादीच्या तोंडाला तडा दिसला तर तिची दारू परत ओतून ती कडेला ठेवायची, त्या भोकात नवी उभी करायची, नवी भरायची आणि मगच तडकलेली पायाजवळच्या डब्यात टाकायची. पुंगळी डब्यात पडली म्हणजे जागा भरली. ही रीत त्याला कुणी शिकवलेली नव्हती. ती त्यानं एकट्यानं, हळूहळू, हाताला लावून घेतली होती.

निवड-स्पर्धेच्या सकाळी, भाचीची शेवटची फेरी बघायला जाण्याआधी, तो टेबल पुसायला शेडमध्ये आला. तराजूच्या उजव्या अंगाला एक पुंगळी आडवी पडली होती. त्यानं ती उचलून उजेडात धरली. तोंडाला केसाएवढा तडा होता.

फडकं हातातच राहिलं.

काल दुपारी भाची इथं स्टुलावर बसली होती. बंदुकांच्या आवाजांनी त्याचे कान कधीच अधू केले होते, आणि भरताना तो कानातलं यंत्र काढून ठेवी. काल तिच्यासाठी ते कानातच ठेवलं होतं. तडकलेली काढली, हे आठवत होतं. नवी उभी केली, हेही आठवत होतं. तेवढ्यात ती म्हणाली होती, "मामा, उद्या मागं उभा राहशील ना? तू दिसलास की हात कापत नाही." त्यानं मान वर केली होती. "राहीन की." आणि मग तो गोळ्या दाबत होता. या दोन्हींच्या मध्ये काय झालं, तिथं पाटी कोरी होती.

ती पन्नास काडतुसं तिची होती. पलीकडच्या बारांनी पायाखालची फरशी थरथरली. स्पर्धा सुरू होती.

भरली असेल, तो मनाशी म्हणाला. फक्त डब्यात टाकायची राहिली असेल. बत्तीस वर्षांत एक नाही, आणि आजच? उगाच स्पर्धा थांबवली तर लोक काय म्हणतील? म्हाताऱ्याचे कान गेले, आता डोकंही गेलं. तिनं या दिवसासाठी तीन वर्षं घासली होती.

असं म्हणता म्हणताच तो चालायला लागला होता. गुडघा दुखत होता, तरी शेवटची पन्नास पावलं तो चक्क धावला.

काचेपलीकडे सहा जण रांगेत उभे होते. शेवटची फेरी होती, चार वेळा दहा-दहा सेकंदांत पाच-पाच गोळ्या. भाचीच्या हातात रिव्हॉल्व्हर होतं, चक्रात पाच काडतुसं बसलेली होती. तिनं मान जराशी वळवली, काचेत मामा दिसला, आणि तिचे खांदे सैल पडले. हात आता कापणार नव्हता. ती बंदूक उचलणार होती.

त्यानं भिंतीवरचं लाल बटण दाबलं.

घंटा वाजली. बटण कुणीही दाबावं, असाच नियम होता; पण आजवर ते पंचबाईंशिवाय कुणी दाबलं नव्हतं.

"बोटं चापाबाहेर. नळ्या समोर. जागचं कुणी हलू नका," पंचबाई रांगेवरून नजर न काढता म्हणाल्या. सगळी चक्रं उघडली, रिकामी झाली, बंदुका टेबलांवर टेकल्या, तेव्हा कुठे त्या मागे वळल्या. "काय झालं, मामा?"

"तिच्या पेटीत एक काडतूस बिनदारूचं असेल."

"असेल की आहे?"

"माहीत नाही."

"खात्री नसताना स्पर्धा थांबवलीत?"

"खात्री असती तर एवढा घाबरलो नसतो."

पंचबाईंनी भाचीच्या रिव्हॉल्व्हरच्या नळीतून गज घातला. तो आरपार निघाला. नळी स्वच्छ होती. मागून कुणीतरी म्हणालं, "मामांचं माप आज डोक्यात गेलं वाटतं." दोघंतिघं हसले.

तीस झाडून झाली होती. वीस उरली होती, पेटीत पंधरा आणि चक्रातून काढलेली पाच. भरलेलं काडतूस कानाशी हलवलं की आत दाणे बारीक खुळखुळतात. मामानं एक उचलून कानाशी धरलं. त्याला काहीच ऐकू आलं नाही. दुसरं धरलं. तेही मुकं. त्याच्या कानांना आता सगळीच मुकी होती.

"तू ऐक," तो भाचीला म्हणाला.

ती चिडली होती. तिनं पेटीतली पंधरा एकामागून एक हलवली. "वाजतंय. वाजतंय. हेही वाजतंय, मामा." मग तिनं चक्रातली पाच घेतली. पहिलं वाजलं. दुसरं, तिसरं वाजलं. चौथं तिनं हलवलं, पुन्हा हलवलं, मग दुसऱ्या कानाशी नेलं.

तिनं ते मामाच्या तळहातावर ठेवलं. पाचवं, कदाचित त्याच्याच मागून उडालं असतं ते, तिच्या दुसऱ्या मुठीत होतं. ती मूठ बराच वेळ उघडली नाही.

काडतुसं स्वतःची आणलेली, म्हणून त्यांच्या दोषाला नियमात सवलत नव्हती. उरलेल्या फेरीसाठी तिला क्लबच्या कोठीतली काडतुसं घ्यावी लागली. ती हाताला वेगळा धक्का देत होती. चौघांची निवड झाली, ती पाचवी आली.

मामानं चौथं काडतूस पंचबाईंसमोर उघडलं. आत पितळ लख्ख, कोरडं. नोंदवहीत त्यानं स्वतः लिहिलं, 'चूक माझी.' शेडला कुलूप लावलं आणि किल्ली आणून घरात खुंटीला टांगली.

नवव्या दिवशी भाचीनं ती किल्ली काढली.

"मला पन्नास हवीत."

"दुकानातून आण."

"दुकानदाराशी मला भांडता येत नाही."

"पोरी, माझ्या हातांवर आता..."

"हातांचं कोण बोलतंय? हात तुझेच. डोळे चार." ती त्याच्यापुढं होऊन शेडकडं चालू लागली. "तू बघून झालं की मी बघणार. मग गोळी. आणि मध्ये कुणी बोलायचं नाही."

"मध्ये बोलतं कोण?"

ती एवढीशी हसली. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच.

त्यानं कानातलं यंत्र काढून खिशात टाकलं. पन्नास पुंगळ्या भरल्या, प्रत्येकीत बॅटरी रोखून पाहिली आणि मग बॅटरी तिच्या हातात दिली. ती ठोकळ्यावर वाकली. उजेड एका भोकावरून दुसऱ्यावर सरकत गेला. तिसऱ्या ओळीत तो एका जागी थांबला.

मामा पुढं वाकला. त्यानं काही विचारलं मात्र नाही.

उजेड पुढं सरकला.