लगाम सैल सोडणारे हात

विमलताई बोरसे यांची आणि माझी पहिली भेट भांडणाने झाली. माझ्या धाकट्या भावाचं लग्न ठरलं होतं आणि गुजरातेत राहत असलो तरी बमरोलीतल्या आमच्या गल्लीतून वरात घोडीवरून निघाली नाही तर चारचौघांत नाक कापलं जाईल, असं आईचं ठाम मत होतं. ताईंच्या वडिलांच्या वरातीच्या घोड्या तेव्हा साऱ्या भागात नावाजलेल्या होत्या, आणि वडील थकल्यामुळे तो व्यवसाय ताईच सांभाळत होत्या. मी तबेल्यात गेले तेव्हा त्या एका घोडीला खरारा करत होत्या. मागे वळूनही न बघता त्यांनी विचारलं, "तुना भाऊनं वजन कितलं शे?"

नवरदेवाचं वजन विचारणारी बाई मी पहिल्यांदाच पाहत होते. मी फणकाऱ्याने म्हटलं, "मी घोडी ठरवायला आलेय, भावाला विकायला नाही." ताई वळल्या. त्यांनी मला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि आमच्या खान्देशी बोलीवरून थेट पुस्तकी मराठीवर येत म्हणाल्या, "घोडीजवळ फटाका वाजला, तर नवरदेवाला तिथेच उतरवून घोडी घरी आणीन. चालेल?" चालेल म्हणण्यावाचून गत्यंतरच नव्हतं. वरातीत एकही फटाका वाजला नाही, कारण भावाच्या मित्रांना मी स्वतः दम भरला होता. ताईंचा धाक मला तेव्हाच बसला. तो अजून गेलेला नाही.

मी मराठी शाळेत कवायत शिकवते. वडिलांच्या निधनानंतर ताईंनी वरातीचा व्यवसाय बंद केला आणि शहराबाहेर, कोसाडच्या पुढे एका मोकळ्या मैदानावर घोडेस्वारीचा वर्ग सुरू केला. तिथे मी आधी शाळेच्या मुली घेऊन गेले, मग स्वतःच शिष्या झाले आणि आता ताईंच्या हाताखाली शिकवते. वर्गातली बहुतेक मुलं जवळच्या वसाहतींतली, आईवडील कापडाच्या लूमवर नाहीतर रंगाईच्या, डाइंगच्या मिलमध्ये. अशा मुलांना घोडेस्वारी शिकवून काय मिळणार, असं विचारणारे शहाणे आपल्याकडे पुष्कळ आहेत. एकाने माझ्यासमोरच विचारलं, तेव्हा ताई शांतपणे म्हणाल्या, "आपला माणूस आयुष्यात एकदा घोड्यावर बसतो, लग्नात. त्या दिवशीही लगाम दुसऱ्याच्याच हातात असतो. माझ्या मुलांनी तो स्वतः धरावा, एवढंच."

पण हा लगाम ताई मुलांना लवकर देतच नसत. नवं मूल आलं की त्याला घोडीवर बसवायचं, घोडीला लांब दोर बांधून शिकवणाऱ्याने मध्ये उभं राहायचं आणि घोडी गोल फिरवायची. मुलाने दोन्ही हात मांड्यांवर ठेवायचे, खाली बघायचं नाही, घोडीच्या दोन कानांमधून पुढे बघायचं. हातांनी गप्प राहायला शिकल्याशिवाय लगाम मिळणार नाही, हा त्यांचा नियम. चांगल्या घरची, महागडे बूट घालून आलेली मुलंही यातून सुटली नाहीत.

त्यांची माया मात्र अशी दटावणीआड दडलेली असते. एखादं मूल पडलं तर ताई त्याला रडत घरी जाऊ देत नाहीत. कपडे झटकतात, खरचटलेलं धुतात आणि ज्या घोडीवरून ते पडलं तिलाच त्याच्या हातून चारा घालायला लावतात. बारडोलीहून ताईंचे एक नातेवाईक उसाचं हिरवं वाढं पाठवतात. त्याची पेंढी छातीशी धरून, नाक ओढत उभी असलेली कितीतरी मुलं मी पाहिली आहेत. घोडी चरू लागली की त्यांचं रडं आपोआप थांबतं.

आता ज्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला, तिकडे वळते. ताईंना विचारूनच लिहीत आहे. "लिही. झाकाले काय शे त्यामा?" असं त्या म्हणाल्या.

चंद्रा नावाची घोडी ताईंनी वडिलांच्या काळात वरातीसाठी तयार केली होती. वरातीच्या घोडीला दोन गोष्टी शिकवतात. बॅण्डवर पाय टाकत नाचायचं, आणि लगाम झटकन आखडला की मागच्या पायांवर उभं राहायचं, म्हणजे नवरदेवाचा फोटो झोकात निघतो. वर्गाच्या कामात हे दोन्ही नको, म्हणून ताईंनी चंद्राला ते विसरायला लावलं होतं. निदान तसं त्यांना वाटत होतं. काही वर्षांपूर्वी एका सकाळी त्या चंद्रावर बसून मुलांना दुडकी दाखवत होत्या. तेवढ्यात मैदानाच्या भिंतीपलीकडून बॅण्ड वाजवत वरात निघाली. चंद्रा नाचू लागली. समोर एक लहान मुलगी उभी होती. ती पायांखाली येऊ नये म्हणून ताईंनी लगाम झटकन आखडला.

चंद्राने शिकवल्याप्रमाणे केलं. ती मागच्या पायांवर उभी राहिली, तोल गेला आणि ताई मागे कोसळल्या. खुबा मोडला. मी धावत पोचले तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, "पोर कशी शे?" पोर सुखरूप होती.

ऑपरेशन झालं, हाड जुळलं, काठी सुटली, डॉक्टरांनी परवानगीही दिली. ताई मैदानावर येत, खुर्चीवर बसून शिकवत. अधूनमधून उठून चंद्राजवळ जात, रिकिबीत पाय ठेवत आणि काढून घेत. आज खोगीर नीट बसलं नाही, आज ऊन फार आहे, आज मुलं जास्त आहेत. ज्या बाईने सबब कशी ती ऐकून घेतली नाही, ती रोज नवी सबब सांगू लागली. ते बघवत नसे. शेवटी एकदा मी विचारलंच. ताई आपल्या तळव्यांकडे बघत म्हणाल्या, "माले भ्याव वाटस, पोरी. घोडीनं नै. मना हातनं."

त्यांचं म्हणणं असं, की चंद्राने चूक केलीच नाही. घाबरल्या क्षणी त्यांच्याच हातांनी तिला उभं राहायचा हुकूम दिला. ज्या हातांवर चाळीसेक वर्षं भरवसा ठेवला तेच उद्या एखाद्या मुलाच्या जिवावर उठले तर? ताईंच्या मुलाने सुचवलं, "आई, चंद्राला देऊन टाक." ताईंनी साफ नकार दिला. "मी सांगितलं ते तिने केलं. त्याची शिक्षा तिला का?" पण आपण स्वतः बसणार नसू तर वर्गच बंद करायचा, असंही त्यांच्या मनात येऊ लागलं होतं. जे आपण करू शकत नाही ते मुलांना कोणत्या तोंडाने शिकवायचं, असं त्या म्हणत.

आणि मग एका सकाळी, भरल्या वर्गात, ताईंनी लांब दोर आणून माझ्या हातात दिला. "धर. आजपासून मी नवी."

मला वाटलं, वर्ग सुटल्यावर करू. तसं म्हणालेही. ताईंनी ऐकलं नाही. त्या चंद्रावर चढल्या, मी त्यांना लगाम दिला नाही, कारण तो त्यांचाच नियम. त्यांनी दोन्ही हात मांड्यांवर ठेवले. मी चंद्राला चालवू लागले. माझी गुरू माझ्या दोराच्या टोकाला होती आणि तिचे ओठ पांढरे पडले होते. भोवती मुलं उभी होती. दुसऱ्या फेरीला ताईंची नजर खाली गेली, तशी एक चिमुरडी गुजरातीत ओरडली, "टीचर, नीचे नहीं जोवानुं!" ताई म्हणाल्या, "बराबर," आणि त्यांनी मान वर केली. मी आयुष्यात अनेक धाडसी स्वार पाहिले. त्या क्षणाएवढं धाडस मी पाहिलेलं नाही.

हे काही सरळ वर चढत गेलं नाही. एकदा रस्त्यावर मोटारसायकलचा आवाज झाला, ताईंनी आयाळ गच्च पकडली, खाली उतरल्या आणि काही दिवस मैदानावर फिरकल्याच नाहीत. परत आल्या त्या पुन्हा दोरापासून सुरुवात करायला. पुढे लगाम हातात घेतल्यावर मला मोबाइलवर वरातीचा बॅण्ड लावायला सांगत. गाणं वाजलं की हात पुढे न्यायचे, लगाम सैल सोडायचा. चंद्राने उभं राहायचं विसरायचं होतं आणि ताईंनी ओढायचं. दोघी मिळून एकच धडा विसरत होत्या.

लग्नसराईत खरी वरात आली. ताई चंद्रावर, दोर नाही, बॅण्ड अगदी भिंतीला लागून. मी धावणार तोच ताईंनी डोळ्यांनी थांबवलं. चंद्राचे कान ताठ झाले, पाय नाचू लागले. ताईंचे हात हळूच पुढे गेले. लगाम सैल पडला. चंद्रा थोडी नाचली, फुरफुरली, मग मान खाली घालून मुकाट्याने चालू लागली.

उतरल्यावर ताईंचे हात थरथरत होते. त्यांनी ते लपवले नाहीत. मुलांपुढे धरले आणि म्हणाल्या, "बघून घ्या. भीती अशी दिसते." मी विचारलं, "गेलं का भ्याव, ताई?" त्या म्हणाल्या, "नै गेलं. पण आते हात मनं ऐकतस."

ताईंना आता साठ वर्षं पूर्ण होत आहेत, त्या षष्ट्यब्दीच्या समारंभाला त्या चंद्रावरूनच येणार आहेत. बॅण्ड नको, असं समारंभ ठरवणाऱ्या समितीचं म्हणणं पडलं. ताई म्हणाल्या, वाजू दे. मी विचारलं, दोर आणू का? त्यावर त्या चक्क लाजल्या. "दोर नको. पण तू शेजारी चाल."

ताई, तुम्हाला निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो, ही आम्हा सर्वांची मनापासून प्रार्थना आहे. तुम्ही वर बसा. चालणारे आम्ही पुष्कळ आहोत.