आठ प्रोसेसरांवरचं कुंकू

पिशवीचं सील वाकडं होतं. फार नाही, बोटभर. आमच्याकडे पिशव्या मशिनवर बंद होतात आणि त्यांची कड पट्टीने आखल्यासारखी सरळ येते. मी पिशवी टेबलावर ठेवून कात्रीने उघडली. आतल्या कार्डावरचे निळे ठिपके गुलाबी झाले होते. ट्रेमध्ये काळे चौकोनी प्रोसेसर ओळीने बसले होते आणि मधल्या एकावर हळदकुंकू होतं. शेजारी झेंडूची एक पाकळी.

मी नगरच्या एमआयडीसीतल्या एका छोट्या कंपनीत क्वालिटी बघते. व्हिडिओ गेम खेळायचा जो कन्सोल असतो, त्याचा मेंदू म्हणजे हा प्रोसेसर. तो परदेशातून येतो. आम्ही तो तपासतो, त्यात सुरुवातीचा प्रोग्रॅम भरतो, कोरडा करून चंदेरी पिशवीत सील करतो आणि कन्सोल बनवणाऱ्या कंपनीला पाठवतो. पिशवीतलं कार्ड म्हणजे आमचा चुगलखोर. आत दमट हवा शिरली की निळ्याचं गुलाबी होतं.

आमचं स्टोअर मला फार आवडतं. तिथे बारा महिने एकच ऋतू, थंड आणि कोरडा. दार लागलं की बाहेरचे ट्रक, हॉर्न, शेजारच्या प्रेसची धडधड सगळं लांब जातं. रॅकवर चंदेरी पिशव्या निजलेल्या असतात. मला ते प्रोसेसर खरंच झोपलेले वाटतात. त्यांच्यात अजून काहीच घडलेलं नाही. पुढे कुठल्यातरी गावी, कुणाच्यातरी हातात ते जागे होतील, आणि मग त्यांच्यात डोंगर उगवतील, नद्या वाहतील, कुणीतरी पाण्यावरून चालत जाईल. मी स्वतः आयुष्यात कधी गेम खेळलेली नाही. पण तिथे उभी राहिले की दहा मिनिटं कुठे गेली कळत नाही. आमचे मॅनेजर सुहास सर विचारतात, "साळवे मॅडम, इन्स्पेक्शनला जाता की ध्यानाला?"

त्या दिवशी मात्र एका पाकळीने मला खडबडून जागं केलं.

दसऱ्याला आम्ही घरचे सगळे नागपूरला दीक्षाभूमीवर जातो. त्यामुळे खंडेनवमीला कंपनीत यंत्रांची पूजा होते तेव्हा मी रजेवर असते. आजोबांनी धम्म स्वीकारल्यापासून आमच्या घरात पूजा नाही. म्हणून ते कुंकू बघून माझ्या मनात पहिल्यांदा जे आलं, ते काही फार चांगलं नव्हतं. 'करा अजून पूजा,' असंच काहीतरी.

मी भानुदासमामांना हाक मारली. मामा आमचे स्टोअरकीपर. शेवगावकडचे. आधी साखर कारखान्याच्या स्टोअरला होते. तिथून सुटल्यावर दोन वर्षं घरी बसून काढली आणि पन्नाशीनंतर आमच्याकडे लागले. खोटं बोलणं त्यांना जमत नाही.

"मामा, ही पिशवी कुणी उघडली?"

"मीच की ताई. खंडेनवमी हुती ना. समद्या मशिनींना हार घातलं. मंग म्हनलं, आपलं खरं हत्यार तर हे हाय. ह्याच्यावर आपली पोटं चालत्यात, अन् ह्यालाच पिशवीत कोंडून ठिवायचं? बरं दिसतं का?"

"ही एकच उघडली ना?"

"न्हाई. पेट्या आठ हैत. परतेक पेटीतली वरची एक. एकीला कुकू लावायचं, मंग बाकीच्यांनी काय घोडं मारलंय?"

"हात लावलात?"

"उघडा हात न्हाई लावला. हातमोजं घातलं हुतं. मनगटाला पट्टा बी बांधला हुता."

हा पट्टा म्हणजे अंगातली स्थिर वीज जमिनीत सोडणारी वायर. आपल्याला न जाणवणाऱ्या झटक्यानेही चिप मरते. मामांनी पट्टा बांधून, हातमोजे घालून, नियमाने कुंकू लावलं होतं. मला हसावं की रडावं कळेना.

"आणि उघडं किती वेळ राहिलं?"

"दसऱ्याच्या आरतीपत्तोर. पूजेत मांडलेलं मधीच उचलत्यात व्हय? मंग हातानंच परत सील केलं."

म्हणजे दोन दिवस. सुट्टीमुळे एसी बंद, आणि बाहेर परतीचा पाऊस. प्रोसेसर हवेतला ओलावा हळूहळू पितो. दिसत काहीच नाही. पण कन्सोलच्या फॅक्टरीत तो बोर्डावर बसवताना भट्टीतून जातो, तेव्हा त्या ओलाव्याची वाफ होते आणि चिप आतून तडकते. काही वेळा लगेच कळतं. काही वेळा ती तीन महिने नीट चालते आणि मग मरते.

सुहास सरांनी ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. माल दोन दिवसांत पोचायचा होता.

"कुंकवाचे आठ काढून टाका," ते म्हणाले. "बाकीच्यांत नवीन कार्ड टाका, सील करा, पाठवा. कोणाला कळणार आहे?"

"मला कळलंय सर. सर्टिफिकेटवर सही माझी असते."

"मग काय म्हणणं आहे तुमचं?"

"कुंकवाचे आठ काढूच. पण आठही पिशव्यांतला बाकीचा माल ओव्हनमध्ये पुन्हा कोरडा करायचा. दोन दिवस उशीर होईल. तसं कळवायचं."

"कळवा तुम्हीच. आणि त्या मामांना म्हणावं, उद्यापासून येऊ नका."

"त्यांचं चौकशी झाल्यावर ठरवू, सर." एवढं मी कसंबसं म्हटलं.

कन्सोल कंपनीत खरेदी बघणारी केतकी म्हणून पुण्याची मुलगी आहे. तिला फोन लावला.

"पिशव्या उघडल्या गेल्या? कशासाठी?"

"पूजेसाठी."

मग ती म्हणाली, "मॅडम, नारळ आम्हीपण फोडतो. पण मशिनच्या बाहेर."

"चूक आमची आहे. दोन दिवस दे."

"देते. पण रिपोर्ट लागेल. पाच वेळा 'का' विचारलेला. आणि जबाबदार कोण, त्याच्यावर काय कारवाई केली, हे नावासकट. माझे वरचे त्याशिवाय ऐकणार नाहीत."

दुसऱ्या दिवशी ओव्हन लावला. सव्वाशे डिग्री, चोवीस तास. दुपारी मी समोर स्टूल टाकून बसले. खरं तर बसायची गरज नव्हती. काचेतून आतले ट्रे दिसत होते, पंख्याचा एकसुरी आवाज येत होता आणि त्या उबेत डोळे जड होत होते. दोन दिवसांच्या पावसाळी हवेचा ओलावा त्या काळ्या चौकोनांतून निघून चालला होता. मी विचार करत होते की त्या रॅकसमोर उभं राहून मला जे जिवंत वाटायचं, ते मामांनाही वाटलं होतं. मी नुसती बघत राहायचे, त्यांनी कुंकू लावलं. मला त्यांचा राग येईना. उलट त्यांची नोकरी कशी वाचवायची, तेच डोक्यात घोळत होतं.

मामा येऊन शेजारी उभे राहिले. मी रिपोर्टचा कागद काढला. नियम सोपा आहे. घडलं ते का घडलं विचारायचं, आलेल्या उत्तराला पुन्हा का विचारायचं, असं पाचदा. पाचव्याला खरं कारण सापडतं म्हणतात.

ओलावा का शिरला? पिशवी उघडली म्हणून. का उघडली? पूजेसाठी. चिपचीच पूजा का? ती मौल्यवान म्हणून. मौल्यवान आहे हे माहीत असून का उघडली?

"मामा, उघडायची नाही हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

"ठाव हुतं की. तुमीच भितीवर लावलंय."

"मग?"

"ताई, पट्टा का बांधायचा ते तुमी सांगितलं हुतं. कंगवा केसाला घासून कागदाचं कपटं उचलून दाखीवलं हुतं. म्हनून पूजेला बी बांधला. पिशवी का उघडायची न्हाई ते कुटं सांगितलं? मला वाटलं, धूळ बसू नये म्हनून आसंल. म्हनून पूजेच्या आधी जागा पुसून घेतली."

मी उठून स्टोअरमध्ये गेले. भिंतीवर माझ्याच अक्षरात मोठ्ठं लिहिलेलं होतं, 'पिशवी उघडू नये.' बस, एवढंच. मग मामांना तिथेच सांगितलं. ज्वारीच्या लाह्या कशा फुटतात, आतलं पाणी तापलं की दाणा कसा उलतो, तसंच हे. मामा ऐकत राहिले. त्यांचा चेहरा उतरला.

"आरारा," ते हळूच म्हणाले. "म्हंजी मी ह्यांचा जीवच घेत हुतो. आधी सांगितलं आसतं तर लांबूनच हात जोडलं आसतं."

चौथ्या 'का'समोर मी लिहिलं: उघडल्याने काय बिघडतं ते माहीत नव्हतं म्हणून. ते का माहीत नव्हतं, या पाचव्यासमोर लिहिलं: प्रशिक्षण देणाऱ्याने कारण सांगितलं नाही. जबाबदार व्यक्तीच्या रकान्यात माझं नाव घातलं. सुहास सरांनी ते दोनदा वाचलं.

"हे तुमच्या रेकॉर्डला लागेल मॅडम."

"लागू दे. खरं आहे ते."

त्यांनी सही केली. मामांचा विषय पुन्हा काढला नाही.

माल दोन दिवस उशिरा पोचला. बोर्डावर बसल्यावर एकही प्रोसेसर तडकला नाही, असं केतकीने कळवलं. त्या वर्षी माझं प्रमोशन मात्र राहिलं. मामा अजून स्टोअरला आहेत.

क्वालिटीत इतकी वर्षं काढून मला एवढंच कळलंय. ज्या नियमाचं कारण माणसाला माहीत असतं, तो नियम तो देवापुढेसुद्धा पाळतो. बाकीचे नुसते भिंतीवर राहतात.