दोन आड एक

मी एका माणसाच्या हातातली सुरी काढून घेतली होती.

तो माणूस आज सकाळी गेला.

नाना. आमच्या जळगावच्या कॉलेजातले बॉटनीचे लॅब अटेंडंट. मूळचे शिंदखेड्याकडचे.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. मी पाचोऱ्याहून अप-डाऊन करत पीएचडी करत होते. विषय काय, तर कपाशीच्या कोवळ्या बोंडातलं बी आतून कसं घडतं.

त्यासाठी बी मेणात बसवायचं आणि मायक्रोटोमच्या सुरीवर त्याचे केसाहून बारीक काप काढायचे. हे काम नानांचं. मे महिन्यात दहा वाजले की जळगावात मेणसुद्धा सैल पडतं. म्हणून नाना सकाळी सातला यायचे, रसवंतीवरून बर्फ आणायचे आणि ठोकळ्यावर फिरवायचे.

कोणी सांगितलं नव्हतं त्यांना.

त्या वर्षी सरांनी, म्हणजे माझ्या गाइडनी, पुण्याहून फ्लॉपींवर एक सॉफ्टवेअर आणलं. प्रत्येक कापाचा मायक्रोस्कोपखाली फोटो काढायचा, स्कॅन करायचा, सगळे ओळीने रचायचे, की कॉम्प्युटर अख्खं बी थ्री-डीमध्ये उभं करतो. हवं तसं फिरवून बघा.

स्कॅनर होता लग्नपत्रिका छापणाऱ्या डीटीपीवाल्याकडे. तो म्हणायचा, मॅडम, लग्नसराई संपू द्या, मग तुमचं बी.

सगळे काप कॉम्प्युटरच्या मेमरीत मावेनात. मी नानांना सांगितलं, "दोन आड एक ठेवा."

माझ्या डोक्यात होतं, प्रत्येक दुसरा.

नानांनी मधले दोन सोडून तिसरा ठेवला. बरोबरच केलं. नळ दोन दिवसाआड येतो म्हणजे तिसऱ्या दिवशी येतो. हे मला कळायला हवं होतं, घरी पाणी मीच भरत होते.

सॉफ्टवेअर एक आकडा विचारायचं. दोन कापांमध्ये अंतर किती? एक काप दहा मायक्रॉनचा. टाकायचे होते तीस. मी वीस टाकले, म्हणजे काप खऱ्यापेक्षा जवळजवळ बसले.

रेंडर व्हायला अख्खा दिवस लागायचा. दोनदा लाइट गेली, दोनदा पहिल्यापासून. शेवटी एका दुपारी स्क्रीनवर बी आलं.

चपटं. पायाखाली आलेल्या शेंगदाण्यासारखं.

नाना माझ्या मागे उभे होते. घरी कपाशी लावणारा माणूस. हळूच म्हणाले, "ताई, बी इतलं चपटं नही ऱ्हास."

मी म्हटलं, कॉम्प्युटर चुकत नाही नाना, कापतानाच दाबलं गेलं असेल. आणि हेच मी सरांना सांगितलं. नानांच्या देखत.

सर म्हणाले, वय झालं, हात जड झाला असेल.

"मन्हा काप मोजेल शेतस, सर," नाना एवढंच म्हणाले. ते काप पुन्हा मोजून बघावेत असं आम्हा शिकलेल्यांपैकी कोणाला वाटलं नाही.

नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात ना. माझं अंगण नाना होते.

पुढच्या सोमवारपासून नाना काचा धुवायला. सुरीवर झूलॉजीतले एक जण आले.

महिन्याभराने स्लाइड्स डब्यात लावत होते. कोपऱ्यात नानांच्या हातचे पेन्सिलीचे आकडे दिसले. १, ४, ७, १०.

स्कॅन करताना मी फोटोंना माझे नंबर दिले होते. एक, दोन, तीन, चार. नानांचे आकडे वाचलेच नव्हते.

वीस खोडून तीस टाकले. बाकी काही बदललं नाही. दुसऱ्या दिवशी बी गुबगुबीत, जसं असतं तसं आलं.

सर खूश. त्यांना वाटलं, नवीन माणसाने काढलेले काप आहेत. तसं म्हणालेही.

मी मान हलवली.

धुळ्याच्या कॉलेजात लेक्चररची मुलाखत तोंडावर होती. सरांचं पत्र हवं होतं. घाबरले होते मी, दुसरं काही नाही.

तेवढ्यात नाना धुतलेले बीकर घेऊन आत आले. स्क्रीनसमोर थांबले. एका कापाला घडी पडली होती, तिची बारीक रेघ बियाच्या कडेला दिसत होती. स्वतःच्या हातून पडलेली घडी माणूस ओळखतो.

"ताई, हाऊ काप मन्हा शे ना?"

"नाही नाना. हे नवीन आहेत."

"बरं," म्हणाले, आणि ट्रे ठेवून गेले.

त्यांना कळलं होतं. मला कळलं होतं की त्यांना कळलंय.

मला धुळ्याची नोकरी लागली. नाना रिटायर होईपर्यंत काचाच धूत राहिले. मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला स्वतः धुळ्याला आले होते. मी गेले, जेवले, आहेर दिला, परत आले. तिथेही तोंड उघडलं नाही.

दरवर्षी पोरांना शिकवते, अंतराचा आकडा आधी तपासा. का, ते कधी सांगितलं नाही. आता माझ्याच रिटायरमेंटला थोडे महिने राहिलेत, आणि हे गिळून गिळून मी दमले आहे.

सकाळी त्यांच्या मुलीचा फोन आला. रडत होती. बोलता बोलता म्हणाली, नाना नेहमी सांगायचे, ताईंचं काम मीच सोडलं, माझाच हात जड झाला होता, त्यांचं बी बिघडलं असतं.

घरच्यांनाही त्यांनी हेच सांगितलं होतं. माझ्यावर ठपका न ठेवता.

फोनवर मला बोलताच आलं नाही. म्हणून इथे, सगळ्यांसमोर लिहिते. त्यांच्या मुलीने वाचावं, सरांनी वाचावं.

नानांचा हात जड झाला नव्हता. आकडा मी चुकवला होता.

नाना, तो काप तुमचाच होता. सगळेच तुमचे होते.

श्रद्धांजली वाहायचं तोंड नाही मला. फक्त पाया पडते.