दाढांवरून काढलेला अंदाज

व्हिडिओ गेम विकणाऱ्या त्या कंपनीत अंदाजकाकूंना बावीस वर्षं झाली होती, आणि तेवढ्या काळात त्यांनी एकही गेम खेळला नव्हता. त्यांचं काम एकच. नवा गेम येण्याआधी, पहिल्या दिवशी किती खोके खपतील ते सांगायचं. काकू आकडा सांगायच्या, तेवढे खोके दुकानांत जायचे आणि संध्याकाळपर्यंत फडशा पडायचा.

गुपित असं की काकूंची नणंद दातांच्या दवाखान्यात फोनवर बसायची. गेम यायचा त्या शुक्रवारी किती जणांनी वेळ रद्द केली, एवढंच काकू तिला विचारायच्या. एका रद्द दाढेमागे दहा हजार खोके. माणूस बायकोशी खोटं बोलेल, साहेबाशी तर बोलेलच, पण ठणकती दाढ अंगावर काढतो म्हणजे प्रकरण गंभीर, असं काकूंचं शास्त्र.

या वेळी नणंद म्हणाली, "वहिनी, तेवीस!"

काकू उडाल्याच. आजवर आठाच्या वर मजल गेली नव्हती. नव्या साहेबांच्या कॉम्प्युटरने ऐंशी हजार सांगितले होते. काकूंनी छातीठोकपणे सांगितले दोन लाख तीस हजार. मालकांनी काकूंचंच ऐकलं आणि साहेबांचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं.

"खोके परत आले ना काकू, तर तुमचं टेबल बंद," ते म्हणाले.

"चालेल!" काकू म्हणाल्या. आनंदाच्या भरात माणूस काय वाटेल ते बोलतो. खरं तर त्या टेबलावर त्यांचा नवऱ्याइतकाच जीव होता, थोडा जास्तच.

गुरुवारी दुपारी नणंदेचा सहज फोन आला. "उद्या मी मोकळीच आहे वहिनी. डॉक्टरांच्या घरी लग्न आहे, दवाखाना बंद."

"मग त्या तेवीस जणांनी..."

"त्यांनी कुठे? मीच फोन करून सगळ्यांना येऊ नका म्हटलं."

काकूंची पाचावर धारण बसली. त्या धावत साहेबांकडे गेल्या आणि दाढांसकट सगळं सांगून मोकळ्या झाल्या. खोक्यांच्या गाड्या तर सकाळीच गेल्या होत्या. साहेब आधी पोट धरधरून हसले, मग म्हणाले, "शनिवारी टेबल आवरायला घ्या."

शुक्रवारी सकाळी काकू चौकातल्या दुकानापाशी गेल्या. म्हटलं, आपल्या फजितीचं दर्शन आपणच घ्यावं. बघतात तो रांग पार कोपऱ्यापर्यंत! आणि पोरंटोरं थोडी, बाकी सगळे पिकल्या केसांचे. कुणी गुडघ्याला पट्टा बांधलेला, कुणी घरून स्टूल आणलेलं. पंचवीस वर्षांपूर्वी ज्या गेमसाठी त्यांनी कॉलेज बुडवलं, त्याचाच हा नवा अवतार होता. साहेबांच्या कॉम्प्युटरने तिशीच्या पुढचं माणूस धरलंच नव्हतं.

सगळ्यात पुढे, टोपी नाकापर्यंत ओढून, दातांचे डॉक्टर उभे होते.

"डॉक्टर! आणि लग्न?"

"हळू बोला हो," डॉक्टर गयावया करत म्हणाले. "तुमच्या नणंदेला सांगू नका. एकवीस वर्षांत एक दिवस दवाखाना बंद ठेवलाय मी."

काकूंना हसू आवरेना. त्यांनी भर रस्त्यात डॉक्टरांचे दोन्ही हात धरून गदागदा हलवले. मागच्यांना वाटलं, बाई मध्ये घुसतायत, आणि एकच ओरडा झाला.

संध्याकाळी आकडा आला, दोन लाख एकोणतीस हजार. साहेब कागद घेऊन काकूंच्या टेबलाशी उभे राहिले.

"पण काकू, तुमचा हिशोब तर चुकला होता!"

"साफ चुकला होता," काकू म्हणाल्या. "आणि तुमचा?"

"माझा बरोबर होता," साहेब हळूच म्हणाले. "गिऱ्हाईक चुकलं."

यावर दोघंही इतकी हसली की शेजारच्या खोलीतली माणसं बघायला आली. मग साहेबांनी स्वतः एक खुर्ची ओढली, काकूंसमोर बसले आणि वही उघडून म्हणाले, "सांगा काकू, पहिल्यापासून. दाढ कुठली धरायची, वरची की खालची?"