चार वाजताचा चहा आणि बडेमियाँ

बडेमियाँच्या खिशाला पेन नसे, चमचा असे. डाव्या खिशात, लहानसा, दांडीला जरा वाकलेला. लोणी, साय, लिंबाचा मुरंबा, चहासाठी आलेलं दूधसुद्धा, जे जे टेबलावर जायचं त्याची आधी त्यांच्या जिभेशी गाठ पडायची. चाखून झालं की चमचा धुवायचा, फडक्याने पुसायचा आणि पुन्हा खिशात. "नाक फसतं, डोळा फसतो," ते मला म्हणायचे, "जीभ नाय फसत, बाई."

मुलांनो, राजवाड्यावर जाणं मी का सोडलं असं तुम्ही फोनवर दोनदा विचारलंत, आणि दोन्ही वेळा मी पाय दुखतात असं सांगितलं. पाय ठीक आहेत. खरं कारण आज लिहिते.

हा राजवाडा शहराबाहेर, द्राक्षमळ्यांच्या मधे आहे. संस्थान लहान होतं, पण व्हरांडा लांबलचक. तिथल्या सूनबाई, वहिनीसाहेब, शाळेत माझ्याकडे इंग्रजी शिकल्या होत्या. त्यांनी शनिवार-रविवारी दुपारी चार वाजता इंग्रजी पद्धतीचा चहा सुरू केला आणि वाढणाऱ्यांना चार वाक्यं नीट बोलायला शिकवा म्हणून मला बोलावलं. तीन मजली तबक असायचं. खाली काकडीचे सँडविच, वर केक आणि मधल्या मजल्यावर स्कोन. स्कोन म्हणजे नानकटाई आणि पाव यांच्या मधलं काहीतरी. तो सगळ्यांना जमत नाही. बडेमियाँच्या आजोबांना तो एका मडमेने याच मुदपाकखान्यात शिकवला होता, आणि तेव्हापासून तो कुणी कागदावर लिहिला नव्हता.

बडेमियाँ मालेगावचे. भाऊ, पुतणे, सगळे यंत्रमागावर. "आमच्या घरात सगळे ओरडून बोलतात," ते सांगत. "मागाच्या आवाजात आयुष्य गेलं ना. ईदला गेलो की दोन दिवस माझे कान दुखतात." म्हणून असेल, पण त्यांना खडखडाट खपत नसे. बशीवर कप वाजला की ते दारातून मान वळवून पाहत. बोलत काही नसत. वाढणाऱ्याला तेवढं पुरे होई.

रमझानमध्ये खिशातला चमचा बाहेर निघत नसे. स्वयंपाक करणाऱ्याला जिभेच्या टोकाने मीठ पाहून थुंकायची मुभा असते, असं फाटकावरच्या सलीमने मला सांगितलं होतं. मी ते बडेमियाँना म्हटलं, तर ते हसले. "मुभा आहे. मी घेत नाही. वर्षभर जीभ माझी नोकरी करते, बाई. तिला पण महिनाभर रजा पाहिजे." त्या महिन्यात चाखायचं काम त्यांनी माझ्याकडे दिलं. मी म्हटलं, वाढणारी मुलं आहेत की. "ती सगळ्याला हो म्हणतात. तुम्ही लाल पेनवाल्या. तुम्ही चूक काढणार."

पहिल्या वर्षी मी खरंच चुका काढल्या. मुरंब्यात साखर जास्त, लोणी जरा आंबट. ते प्रत्येक वेळी मान डोलवून पुन्हा करत. पुढच्या रमझानच्या आधी, थंडीत, मला तो ताप आला, तुम्हाला आठवत असेल. ताप गेला आणि जाताना वास आणि चव घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले येईल परत. ती आली नाही. हे मी कुणालाच सांगितलं नाही, तुमच्या आईलाही नाही. आता तिला कळेल. तुम्ही फोनवर विचारायचात, आजी आज काय खाल्लंस, कसं झालं होतं? मी सांगायचे, छान. राजवाड्यावरही दोन रमझान मी तेच सांगत राहिले. बडेमियाँचं काम इतकं चोख होतं की माझं खोटं चालून गेलं.

मग दिल्लीच्या एका हॉटेल कंपनीची माणसं चहाला यायचं ठरलं. वहिनीसाहेबांना राजवाडा एकटीने चालवणं झेपत नव्हतं. कंपनी तो चालवायला घेणार होती, पण मुदपाकखाना बडेमियाँकडेच राहावा ही वहिनीसाहेबांची अट होती. कंपनीचं म्हणणं होतं, आमचा शेफ आहे, तरी तुमचा चहा एकदा घेऊन बघतो. म्हणजे त्या एका दुपारवर बडेमियाँचं तिथलं असणं ठरणार होतं. नेमका रमझानचा तिसरा आठवडा होता.

मला नीटनेटकेपणाची खोड आहे, ती तुम्ही जाणता. पाहुणे मुदपाकखानाही पाहणार म्हणून आदल्या दिवशी मी त्यांचे पोचे आलेले डबे रिकामे करून सगळं एकसारख्या काचेच्या बरण्यांत भरलं आणि इंग्रजीत चिठ्ठ्या चिकटवल्या. सकाळी कुणीतरी बरण्या ओल्या फडक्याने पुसल्या, चिठ्ठ्या भिजून गळून पडल्या. बेकिंग पावडर आणि खायचा सोडा शेजारी शेजारी उभे होते. दोन्ही पांढरे, दोन्ही बिनवासाचे. डब्यांच्या पोच्यांवरून बडेमियाँना अंधारातही ओळखता आलं असतं.

पाहुणे ओझरच्या विमानतळावर उतरल्याचा फोन आला होता. बडेमियाँनी एका बरणीतलं चिमूटभर माझ्या तळहातावर ठेवलं. "चाखून सांगा, बाई. पावडर का सोडा?"

मी जिभेवर ठेवलं. काहीच कळलं नाही. तेव्हा म्हणायला हवं होतं की मला चव कळत नाही. चार शब्द. मी म्हटलं, "पावडर."

"पक्कं?"

"पक्कं."

भट्टीतून स्कोन निघाले तेव्हा बडेमियाँ तबकाकडे बघत राहिले. "रंग जास्त आलाय," ते म्हणाले. "असा येत नाही." त्यांनी एक फोडला, आतून पिवळसर होता. व्हरांड्यात खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. त्यांनी तुकडा माझ्यापुढे धरला. "खा बाई. नीट खा."

मी नीट खाल्ला. गरम होता, भुसभुशीत होता. माझ्यासाठी तेवढंच होतं. "छान झालाय," मी म्हटलं. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग स्कोनकडे, आणि तबक उचललं.

व्हरांड्यात मी वहिनीसाहेबांच्या शेजारी बसले होते. तीन पाहुणे होते. मुख्य बाईंनी स्कोनवर साय घातली, मुरंबा घातला, घास घेतला आणि चावायच्या थांबल्या. रुमाल तोंडाशी नेला. दुसऱ्याने घास गिळून लगेच पाणी प्यायलं. वहिनीसाहेबांनी स्वतः एक तुकडा तोंडात टाकला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"बडेमियाँ," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "साबण खाल्ल्यासारखं लागतंय. टेबलावर येण्याआधी कुणी चाखलं होतं का?"

बडेमियाँ दारात उभे होते, सलीम पाहुण्यांच्या गाडीतल्या पिशव्या घेऊन त्यांच्या मागे. माझ्या हातात कपबशी होती. उत्तर मी द्यायचं होतं. माझी विद्यार्थिनी शेजारी होती, समोर परकी माणसं होती, आणि माझ्यासारख्या बाईने दोन वर्षं खोटं बोलल्याचं त्या सगळ्यांना कळणार होतं.

"मी एक खाऊन पाहिला होता, सरकार," बडेमियाँ म्हणाले.

सलीमने हातातल्या पिशव्या खाली ठेवल्या. रोज्यात खाल्लं, आणि खाऊनही चव कळली नाही. चाळीस वर्षं मुदपाकखाना सांभाळलेल्या खानसाम्याने एका वाक्यात दोन्ही गोष्टी स्वतःवर घेतल्या. वहिनीसाहेब नुसतं "बरं" म्हणाल्या.

ईदपर्यंत राहा, असं त्यांना सांगण्यात आलं. ते दिवस ते नेहमीसारखे कामाला आले. सलीम रोज संध्याकाळी त्यांच्यासोबत रोजा सोडायचा, तो आता खुर्ची उचलून फाटकाच्या दुसऱ्या बाजूला बसू लागला. हे मी पाहिलं आणि तरीही बोलले नाही.

ईदच्या दुसऱ्या दिवशी मी मालेगावला गेले. गल्लीत यंत्रमाग बंद होते, सुट्टी होती. बडेमियाँनी मला आत बसवलं आणि शीरखुर्म्याची वाटी पुढे ठेवली. मी चमचा उचलला नाही.

"बडेमियाँ, मला चव कळत नाही."

"माहीत आहे."

"कधीपासून माहीत आहे?"

"त्या बाईंनी तोंड वाकडं केलं तेव्हापासून. एवढा सोडा खाल्ला की कुणाचंही तोंड वाकडं होतं. तुमचं झालं नव्हतं." मग त्यांनी विचारलं, "किती दिवस झाले?"

"दोन वर्षं."

"चहात साखर कशी घालता?"

"मोजून. दीड चमचा."

"म्हणजे आठवणीवर चाललंय," ते म्हणाले. हसले नाहीत. "माझ्या डोळ्यांनी सांगितलं होतं मला, रंग चुकलाय. मी डोळ्यांचं ऐकलं नाही, तुमचं ऐकलं. राग आला, बाई. तुमचा पण आणि माझा पण. दोन दिवस इफ्तारला पाणी कडू लागलं."

"मग खोटं का बोललात? तेही रोज्यात?"

त्यांनी वाटी माझ्या आणखी जवळ सरकवली. "तुमच्या हातातला कप बशीवर वाजत होता," ते म्हणाले. "माझ्या टेबलावर कप वाजलेला मला चालत नाही." आणि चमचा माझ्या हातात दिला. "खा. चव सोडा. शेवया मऊ आहेत का बघा, काजू दाताखाली येतो का बघा. खजूर कुठे लागतो ते सांगा." मी सांगत गेले. ते ऐकत राहिले, जसे पूर्वी चुका ऐकायचे तसे.

आता मी तसंच खाते. फोनवर काही खाल्ल्याचं विचाराल तर मऊ होतं की कुरकुरीत एवढंच सांगेन.

मालेगावहून परतल्यावर दुसऱ्या सकाळी मी राजवाड्यावर गेले आणि वहिनीसाहेबांना सगळं सांगितलं, बरण्यांपासून. त्यांनी मला शेजारी बसवलं. मग म्हणाल्या, "बाई, कालच सह्या झाल्या. कंपनीचा शेफ सोमवारी येतोय." त्यांनी मला काही ऐकवलं नाही. ऐकवलं असतं तर बरं वाटलं असतं. बडेमियाँना परत बोलावता आलं नाही. ते मालेगावलाच आहेत.

फाटकाशी सलीम बसला होता. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "त्या दिवशी बडेमियाँनी काहीही चाखलं नव्हतं. मी चाखलं होतं. मला चव कळत नाही हे मी लपवलं, आणि त्यांनी मला वाचवलं."

सलीम उठून उभा राहिला. "म्हणजे रोजा...?"

"मोडला नव्हता. एकही नाही."

त्याने मला ते पुन्हा एकदा म्हणायला लावलं. मी म्हटलं. मग त्याने खिशातून फोन काढून नंबर लावला. पलीकडून आवाज आला तेव्हा त्याने "सलाम, बडेमियाँ" म्हटलं आणि तो फोन घेऊन फाटकाच्या पलीकडे गेला. मी रिक्षाची वाट न बघता रस्त्याने चालू लागले. ते बोलणं मी ऐकण्यासारखं नव्हतं.