ओट्यावरचा व्हाइस

अर्धांगवायूने आईचा डावा हात गेला आणि आम्ही तिला प्रेमानेच स्वयंपाकघरातून बाहेर काढलं. "आता नुसतं बसून राहा," वहिनी म्हणाली, मीही म्हणाले. महिनाभर आई बसली. मग एका सकाळी तिने दादाला फर्मावलं, "बाबांचा व्हाइस ओट्याच्या कडेला बसवून दे."

बाबा फिटर होते. लोखंडी भाग जबड्यात आवळून धरायचा त्यांचा तो बिडाचा जड व्हाइस दादाने कुरकुरत बसवला. आईने त्याच्या जबड्यात फडकं घालून लोणच्याची बरणी धरली, उजव्या हाताने दांडा आवळला आणि झाकण फिरवून काढलं. मग बोथट सुरी अडकवून तिला बाबांच्या कानशीने धार लावली.

"अगं, आम्ही आहोत ना," मी म्हणाले.

"आहात गं. पण मीही आहे."

आधार द्यायचा म्हणजे माणसाचं कामच काढून घ्यायचं, असं आपल्याला का वाटतं? व्हाइस नुसतं घट्ट धरून ठेवतो. बाकीचं हातावर सोडतो.

दुपारच्या भाजीत आईने एका हाताने चिरलेल्या दुधीचे तुकडे काही जाड, काही बारीक होते. दादा ताटात बघून काही बोलणार, तोच आई म्हणाली, "असेच होणार. जेव."