पुस्तकाच्या तीन फेऱ्या
मोरचूद घातलेल्या खळीचा वास आला की मला हिंदी मुलखातल्या आमच्या शहरातलं, टी. टी. नगरमधलं बाइंडिंगचं एक दुकान आठवतं. तेव्हा सातवीत असलेली माझी मुलगी गणिताच्या दोन चाचण्यांत नापास झाली होती आणि ‘मी शाळाच सोडते’ म्हणत होती. मी तिला रोज चाळीस गणितं घालायचो आणि चुकलेलं प्रत्येक गणित पाच वेळा लिहायला लावायचो. तिचं पानं सुटलेलं गणिताचं पुस्तक बांधायला नेलं, तेव्हा पूर्वी मदरशात शिकवणाऱ्या त्या म्हाताऱ्या दुकानदारांनी पानं चाळली. “भाई साहब, बाईस पन्ने घिस गए, बाकी कोरे!” मग त्यांनी शेकडो वर्षांपूर्वीच्या एका मुस्लिम विद्वानाचं म्हणणं सांगितलं. विषय तीन फेऱ्यांत शिकवावा. पहिलीत नुसती ओळख, दुसरीत खुलासा, अवघड ते तिसरीत. धाकाने मूल फक्त खोटं बोलायला शिकतं. “आप पहली बार में ही तीसरी करा रहे हैं.” मी विचारलं, “कितने दिन लगेंगे?” ते हसले. “फिर हिसाब! बिटिया से पूछिए.” मला पटलं नव्हतं, पण करून पाहावंसं वाटलं. चाळीस गणितं बंद केली. पहिल्या फेरीत तिने पुस्तक गोष्टीसारखं शेवटपर्यंत वाचलं. शाळा सोडायचं पुन्हा काढलं नाही. तिसऱ्या फेरीत एका संध्याकाळी तिनेच मला विचारलं, “बाबा, मायनस गुणिले मायनस प्लस का होतं?” जन्मभर आकडेमोड करूनही मला नियम तेवढा ठाऊक होता, कारण नव्हतं. आता ती बाहेरगावी शिकते. पुस्तक माझ्याकडे आहे आणि माझी दुसरी फेरी चालू आहे.